एओनियम झ्वार्टकॉप: तेरा महिन्यांनंतर

हे जाड, रसाळ पानांचं शोभेचं झाड गेल्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या एका नर्सरीतून 24 डॉलरला आणलं. दिसतं कसं ते तुम्हाला माहितीच आहे, काळपट जांभळी पानं, मध्ये हिरवा डोळा, त्यामुळे ते सांगत नाही. माझा सगळा राग कुंडीत खोचलेल्या लेबलवर आहे. "फुल सन, आठवड्यातून एकदा पाणी", बस्स. हे झाड उन्हाळ्यात झोपतं, म्हणजे वाढ थांबवतं, हे लिहायला किती शाई लागली असती?

मूळचं कॅनरी बेटांवरचं. तिथे पाऊस थंडीत आणि उन्हाळा कोरडा, इथे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागातही तसंच, म्हणून हिवाळ्यात ते झपाट्याने वाढतं. माझंही एप्रिलपर्यंत मस्त चाललं. जूनमध्ये खालची पानं गळायला लागली, ताटलीएवढा पानांचा गुच्छ मिटून मुठीएवढा झाला, मला वाटलं तहानलंय, म्हणून लेबलवरचं एकदा सोडून दोनदा पाणी द्यायला लागले. जुलैअखेर बुडाशी बोट दाबलं तर खोड पिकलेल्या केळ्यासारखं आत गेलं. उपटलं तर मुळ्या तपकिरी, नर्सरीची पीटची (कुजलेल्या शेवाळाची, पाणी धरून ठेवणारी) माती ओल्या स्पंजसारखी गच्च. नर्सरीत फोटो घेऊन गेले तर म्हणाले ओव्हरवॉटरिंग, रिफंड नाही. त्या दिवशी एकच स्टार देणार होते.

पण शेंडा टणक होता. चाकूने चकत्या करत वर गेले, आतला गाभा स्वच्छ हिरवट दिसेपर्यंत, मग काप चार दिवस सावलीत सुकवला आणि अर्धं परलाइट (पाणी निचरणारे हलके पांढरे खडे), अर्धं पॉटिंग मिक्स अशा कुंडीत खोचला. सप्टेंबरअखेर हलकं ओढून पाहिलं तर हलेना! आता गुच्छ पुन्हा उघडलाय, म्हणून मत बदलतेय: झाडाला पाच स्टार, लेबलला शून्य.

एचेव्हेरिया या दुसऱ्या रसाळ झाडासारखं पानापासून रोप होईल या आशेने अकरा पानं लावली, सगळी वाळली, फांदीच लावा. ज्या गुच्छाला फुलं येतात तो नंतर मरतो, तेव्हा दोनतीन फांद्या असलेल्या बऱ्या. सावलीत रंग हिरवा पडतो, म्हणून सकाळचं ऊन देते, दुपारचं नाही. पारा शून्याकडे गेला की कुंडी घरात.

पुण्याच्या बहिणीला हवंय, तिला म्हटलं तुमचा पावसाळा नेमका याच्या झोपेत येतो, तेव्हा छपराखालीच ठेव.

ते लेबल उलटं केलं, कोऱ्या बाजूला मार्करने लिहिलं "जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, तेही थोडंच" आणि त्याच कुंडीत परत खोचलं.