खांदा दुखतोय: व्यायाम बंद करू, इंजेक्शन घेऊ की बदल करून चालू ठेवू?

सांगलीत कुणालाही सांगा खांदा दुखतोय, तालमीतले म्हणतात चोळून घे, घरचे म्हणतात ते जिम आधी बंद कर आणि जिममधला कोणीतरी म्हणतो मिरजेला जाऊन एक इंजेक्शन घेऊन ये, सगळं मोकळं होईल. ठरवायचं कसं, त्यासाठी हे लिहितोय. पण पडून किंवा झटका बसून हात वर उचलताच येत नसेल तर आधी ऑर्थोपेडिककडे जा, खालचं सगळं टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या, हळूहळू वाढलेल्या दुखण्याबद्दल आहे.

पूर्ण बंद ठेवलं की आठवडाभर बरं वाटतं, म्हणून लोक फसतात. टेंडनला ताण मिळाला तरच ते मजबूत राहतं. दोन महिने हात जपून ठेवला की रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे, चारही स्नायू ढिले पडतात आणि परत बार हातात घेतला की तिथंच दुखतं. शुगरवाल्यांनी तर हात हलवायचा बंद करूच नये, त्यांचा खांदा आखडायची शक्यता मुळातच जास्त.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनला मी वाईट म्हणणार नाही, रात्री त्या कुशीवर झोपताच येत नसेल तर त्याने खरंच सुटका होते. पण ती काही आठवड्यांचीच, टेंडन त्याने भरून येत नाही, सारखं सारखं घेतलं तर उलट कमजोर होऊ शकतं आणि काही दिवस शुगरही वाढते. घ्यायचंच तर मिळालेल्या आरामात व्यायाम करायचा म्हणून घ्या.

माझं मत तिसऱ्या बाजूला, बदल करून चालू ठेवा. नियम एकच, करताना दुखणं दहापैकी तीन-चारच्या पुढं जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं व्हावं, नाही झालं तर वजन कमी करा. जोर, डिप्स, मानेमागून प्रेस आणि अपराईट रो (उभं राहून बार हनुवटीकडे ओढणं) सध्या बाजूला ठेवा. बेंचऐवजी जमिनीवर पडून डंबेल प्रेस मारा, तळवे समोरासमोर, कोपरं अंगाजवळ, जमिनीमुळे कोपर खाली जातच नाही आणि खांदा वाचतो. बहुतेकांना हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांत कळ येते, म्हणून साइड रेज करताना हात थोडा पुढच्या बाजूला, अंगठा वर आणि कळेच्या आधी थांबायचं. घरी दाराच्या चौकटीशी उभं राहा, कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात, मनगटाची बाहेरची बाजू चौकटीला लावून ढकला, हात हलता कामा नये, 30 ते 45 सेकंद, असं चार-पाच वेळा. सुरुवातीला यानेच बऱ्याच जणांची कळ उतरते.

तालमीतल्या पोरांनो, बैठका आणि आमराईतलं पळणं चालू ठेवा, करेला नि मुद्गल फिरवणं थोडे दिवस राहू द्या. कृष्णेत फ्रीस्टाइल पण नको, डोक्यावरून हात फिरतो त्यात. चोळून तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण दुखऱ्या जागी अंगठा रुतवून चोळू देऊ नका.

कमीत कमी बारा आठवडे धरून चाला, टेंडनचं काम सावकाशच असतं. तरी फरक नाही पडला तर फिजिओला व्यायाम करून दाखवा, मग एमआरआयचं बघा, आणि त्यात टेंडन थोडं फाटलेलं दिसलं तरी लगेच ऑपरेशनला हो म्हणू नका, साठीच्या पुढं अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही असं बऱ्याचदा दिसतं.