सह्याद्रीवरील सातच्या बातम्या : वाचन नमुनेदार, जिल्हे अजून लांब

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सायंकाळी सात वाजता लागणारे मराठी बातमीपत्र पाहावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठाम होकाराचे आहे. मात्र मुंबईपासून दूर, नदीकाठच्या जिल्ह्यात राहणाऱ्या प्रेक्षकाला सार्वजनिक वाहिनीकडून जे मिळायला हवे, त्यातले बरेचसे या बातमीपत्रातून अद्याप मिळत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

या बातमीपत्राचे मोठे बळ म्हणजे त्याचे वाचन. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा मराठी बातम्यांना आकाशवाणीचे वळण होते, पण पडद्यावरचा चेहरा नव्हता. तो चेहरा निरनिराळ्या क्षेत्रांतून आला. स्मिता पाटील चित्रपटांत येण्यापूर्वी याच केंद्रावरून बातम्या वाचत असत, भक्ती बर्वे रंगभूमीवरच्या होत्या, तर अनंत भावे बालसाहित्यासाठी ओळखले जात. पुढे ज्यांच्यामुळे हे वाचन घराघरांत ओळखीचे झाले ते प्रदीप भिडे. १९७४ पासून चार दशके ते दूरदर्शनवर बातम्या वाचत राहिले आणि त्याच्या जोडीने जाहिराती, माहितीपट व समारंभांचे निवेदन यांतही त्यांनी आपल्या आवाजाने नाव कमावले. ७ जून २०२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा एखादा घरचा माणूस गेल्यासारखे वाटणाऱ्या प्रेक्षकांत मीही होतो.

दूरदर्शनच्या वृत्तनिवेदकाची वाटचाल कशी असते, हे प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसते. यातील बहुतेक जण कायमच्या नोकरीत नसतात. आवाजाची आणि वाचनाची चाचणी देऊन ते नैमित्तिक निवेदकांच्या यादीत येतात, पाळी असेल त्या दिवशी केंद्रावर जातात आणि उदरनिर्वाहासाठी दुसरे काही करतात. असे असूनही त्यांच्या वाचनाला जी शिस्त दिसते, तिचे मला फार मोल वाटते. मृत्यूची बातमी आणि क्रिकेटच्या विजयाची बातमी एकाच बातमीपत्रात येते, पण दोन्हींच्या मध्ये योग्य तेवढा विराम असतो. आकडा येतो तेव्हा वेग कमी होतो. ‘धक्कादायक’ किंवा ‘खळबळजनक’ अशी विशेषणे बातमीला आधीच जोडलेली नसतात, त्यामुळे घटना किती गंभीर आहे हे ऐकणाऱ्याला स्वतः ठरवता येते. वयस्कर माणसांना आणि मराठी नव्याने शिकणाऱ्यांना हे बातमीपत्र मी आवर्जून सुचवतो, ते याच कारणाने.

२००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा (आताची एबीपी माझा) या खासगी वाहिन्या सुरू झाल्या आणि दुसरी वाट रुळली. या वाहिन्यांवरचा निवेदक पुष्कळदा आधी बातमीदार असतो. हातात बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, घेऊन जिल्ह्यात फिरतो, मग मुंबईत येतो आणि नंतर स्टुडिओत बसतो. त्यामुळे समोरच्या पुढाऱ्याला उलटा प्रश्न विचारण्याची तयारी त्याच्याकडे असते. सातच्या बातम्यांत मला हीच उणीव जाणवते. मंत्र्यांचे दौरे, उद्घाटने आणि योजनांच्या घोषणा यांना पुरेशी जागा मिळते; पण मागच्या वर्षी घोषित झालेल्या योजनेचे पुढे काय झाले, हे विचारायला तालुक्यात कोणी गेल्याचे क्वचितच दिसते.

स्थानिक वार्तांकन म्हणजे नेमके काय, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला पावसाळ्यात समजावून सांगावे लागत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. ‘पश्चिम महाराष्ट्रात जोरदार पाऊस’ या वाक्यातून पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीच्या कुटुंबाला काहीच हाती लागत नाही. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले, बंधाऱ्यावर पाणी चढते आहे की उतरते आहे, कोणता रस्ता बंद झाला आणि जनावरे कुठे हलवायची, एवढे कळले तर रात्रीचा निर्णय घेता येतो. २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, तेव्हा अशा नेमक्या माहितीवर माणसांचे आणि जनावरांचे जीव अवलंबून होते. ही माहिती स्थानिक केबलवरची बातमीपत्रे आणि जिल्हा दैनिकांचे बातमीदार तासातासाला पोहोचवतात. त्यांचे निवेदन कधी अडखळते, चित्रीकरण थरथरते, पण बंधारा कुठे आहे हे सांगणाऱ्याला पक्के माहीत असते.

दूरदर्शनला हे अशक्य नाही. जिल्ह्याजिल्ह्यात त्यांचे अंशकालीन वार्ताहर आहेत, आणि शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम याच केंद्राने वर्षानुवर्षे चालवला आहे. पूर, गारपीट, टँकर किंवा पीकविम्याच्या दिवसांत त्या वार्ताहराला स्वतःच्या आवाजात दोन मिनिटे बोलू दिले आणि निवेदकाने त्याला एक साधा, पण अडचणीचा प्रश्न विचारला, तर या बातमीपत्राची योग्यता कितीतरी वाढेल. निवेदकांनाही वर्षातून काही दिवस जिल्ह्यांत पाठवावे, असे मला मनापासून वाटते; ज्याने गगनबावड्याचा पाऊस पाहिला आहे, तो त्या पावसाची बातमी वेगळ्या जाणिवेने वाचेल.

सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय दिसते, आणि घराबाहेर असणाऱ्यांना ‘डीडी सह्याद्री न्यूज’च्या यूट्यूब वाहिनीवर बातम्या पाहता येतात. राज्याचा दिवसभराचा आढावा शांतपणे हवा असेल तर सातची वेळ राखून ठेवावी. जून ते सप्टेंबर या महिन्यांत नदीकाठच्या लोकांनी मात्र त्याच्या जोडीला आपल्या गावचे केबल बातमीपत्रही चुकवू नये.