थेट हेड कोच की खालून चढत? सॅटर्डे आणि रायन्स

भाच्याचं कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल यंदा संपतंय, कोच व्हायचंय, पण एखाद्या शाळेची अख्खी टीम लगेच घ्यावी की मोठ्या कोचच्या हाताखाली पडेल ते काम करावं यात अडकलाय. म्हटलं, एनएफएल, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगमधले, हे दोघं बघ.

तयारी: जेफ सॅटर्डे म्हणजे पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकला (बॉल फेकून खेळ चालवणारा) बॉल देणारा सेंटर, प्लेअर म्हणून जबरदस्तच, पण 2022 ला सीझनच्या मधेच कोल्ट्स टीमनी त्याला टीव्हीवरच्या मॅच-चर्चेतून उचलून थेट हंगामी हेड कोच केला तेव्हा गाठीशी फक्त हायस्कूलचं कोचिंग. डेमिको रायन्स लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, तो 2017 ला फोर्टीनायनर्स टीमकडे क्वालिटी कंट्रोलला लागला, म्हणजे व्हिडिओ कापा, तक्ते भरा, नाव कुठेच नाही. मग लाइनबॅकर्सचा कोच, 2021 ला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (अख्ख्या बचावाचा कोच) आणि 2023 ला टेक्सन्स टीमचा हेड कोच. सहा वर्षं गेली राव.

रिझल्ट: सॅटर्डे पहिली मॅच जिंकला, नंतर सलग 7 हरला. त्यातली मिनेसोटाविरुद्धची तर बघवत नाही, हाफटाइमला 33-0 पुढे आणि शेवटी 39-36 ने हार! (टीमही धड नव्हती म्हणा.) रायन्सने आदल्या वर्षी 3च जिंकलेली टीम घेऊन पहिल्याच सीझनला 10 जिंकल्या, डिव्हिजनपण (लीगमधला चार टीमचा गट) मारली. अर्थात स्ट्राउडसारखा रुकी (पहिल्याच वर्षाचा) क्वार्टरबॅक मिळाला हेही आहेच.

शाळेतल्या पोरांना शिकवण्यातच मजा येत असेल तर लगेच टीम घे, तिथे चुका खपतात. एनएफएल डोक्यात असेल तर मुकाट व्हिडिओच्या खोलीत बस.