कोर्ट लाइनचं गुलाबी विमान: चार तारे, चाक सुटं

चिपीला विमानतळ झाला आणि आमच्या झिलाला विमानांचं खूळ लागलं. त्यानेच ऑनलाइन मागवलेलं हे कोर्ट लाइन या जुन्या ब्रिटिश विमान कंपनीच्या बीएसी वन-इलेव्हन जेट विमानाचं मॉडेल गेले दोन महिने मालवणच्या आमच्या खानावळीत गल्ल्याशेजारी आहे. सासूबाईंनी चष्मा सारखा करत विचारलं, "ह्यां विमान काय लग्नातलो केक?"

रंगकाम मात्र मानलं. गुलाबीच्या छटा एकीला एक खेटून, कुठे फराटा नाही. कंपनीची खरी विमानंही अशीच होती, गुलाबी, नारिंगी, फिरोजी, जांभळी. आधीचं नाव ऑटएअर, १९७० पासून कोर्ट लाइन. इंग्लंडातल्या ल्यूटनहून ब्रिटिश पर्यटकांना स्पेनच्या किनाऱ्यांवर न्यायची.

मला रस त्यांच्या जेवणात. समोरच्या खुर्चीच्या पाठीत दोन कप्पे: एकात जाणाऱ्याचं जेवण, दुसऱ्यात परतीच्या प्रवाशाचं, कुलूप लावून. दोन्ही निघतानाच भरून घ्यायचे, तिकडच्या स्वयंपाकघराची गरजच नको. डोकं चालवलंय! पण काही जण कुलूप उचकटून दुसरा कप्पाही फस्त करायचे, आणि परतीचा माणूस उपाशी. मला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं. रात्रीच्या कोकणकन्येसाठी बांधलेले घावणे पाहुणे कुडाळ स्टेशन सोडा, वाटेतलं कट्टा गाव येईपर्यंत संपवतात.

१९७३ मध्ये त्यांनी चारशे खुर्च्यांची ट्रायस्टार विमानं घेतली, युरोपात सगळ्यांच्या आधी. त्याच वर्षी क्लार्कसन्स ही तोट्यातली सहल कंपनीही गळ्यात बांधून घेतली, आणि वर्ष सरता सरता तेलाचे भाव भडकले. एवढ्या खुर्च्या रोज भरायच्या कशा? मे महिन्यात माझ्या चार खोल्या रिकाम्या राहिल्या तरी झोप उडते. १५ ऑगस्ट १९७४ ला कंपनी बसली. हजारो लोक परदेशात अडकले, पुढच्या सहलींचा आगाऊ पैसा अडकला तो वेगळा. त्यांच्या भरपाईसाठी सरकारला १९७५ मध्ये कायदा करून निधी उभारावा लागला. हे वाचल्यापासून मी अॅडव्हान्सची वही वेगळी ठेवते.

आता तक्रार. पुढचं चाक खोक्यातच सुटलेलं होतं. विक्रेत्याला दोनदा फोटो पाठवले, उत्तर नाही. शेवटी फेविक्विकने बसवलं, जरा तिरकंच बसलं. आणि मागवणाऱ्यांनी लक्षात घ्या, दारं उघडत नाहीत. जेवायला आलेली पोरं नखं लावून बघतात, तिथला गुलाबी रंग आता उडायला लागलाय.