व्हे, केसिन की वनस्पतीजन्य? प्रोटीन पावडर निवडताना

डबा घेण्याआधी थोडी आकडेमोड करा. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज किमान ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. नियमित वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील, तर साधारण १.६ ग्रॅम. म्हणजे ६० किलो वजनाला ४८ ग्रॅम किंवा ९६ ग्रॅम. एवढं जेवणातूनच मिळत असेल, तर पावडर घेऊच नका. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

व्हे आणि केसिन दोन्ही दुधातली. दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसिन, उरलेलं व्हे. फरक पचण्यात आहे. व्हे लवकर पचतं; केसिन पोटातल्या आम्लात गुठळी धरतं आणि कित्येक तास हळूहळू पचत राहतं. शेकरमध्येही हा फरक दिसतो: व्हे पाण्यात मिसळून जातं, केसिन मात्र बघता बघता दाट होतं. जेवणांमध्ये मोठं अंतर पडत असेल, तर केसिन बरं. एरवी व्हे पुरे.

व्हेमध्ये कॉन्सन्ट्रेट (कमी गाळलेलं) की आयसोलेट (जास्त शुद्ध केलेलं)? दूध पचत असेल, तर कॉन्सन्ट्रेट घ्या, जास्तीचे पैसे घालवू नका. दुधाने पोट फुगत असेल, तर आयसोलेट, कारण त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नावापुरतंच असतं. दुधाची ॲलर्जी असेल, तर मात्र दोन्ही वर्ज्य.

वनस्पतीजन्य प्रथिनांना सरसकट ‘अपूर्ण’ म्हणतात, ते मला पटत नाही. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात; त्यांतली नऊ आवश्यक, म्हणजे अन्नातूनच मिळवावी लागणारी. सोयामध्ये ही नऊही पुरेशी असतात. वाटाण्यात मेथिओनिन कमी आणि लायसिन भरपूर, तांदळात नेमकं उलट. म्हणून दोन्हींचं मिश्रण चांगलं जमतं. खरी तफावत ल्युसिनची. स्नायू बांधायला चालना देणारं हे अमिनो आम्ल व्हेच्या प्रथिनात १० टक्क्यांच्या आसपास, तर सोया-वाटाण्यात ८ टक्क्यांच्या आसपास असतं. त्यावर उपाय सोपा आहे: व्हेतून २५ ग्रॅम प्रथिनं घेत असाल, तर इथे ३२ ग्रॅम घ्या. वाटाण्याची पावडर किंचित रवाळ लागते आणि तळाशी बसते, एवढी तयारी ठेवा.

कोलॅजेन (प्राण्यांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रथिन) मात्र स्नायूंसाठी घेऊ नका. त्या नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅन त्यात नसतंच.

शेवटी लेबल. एका स्कूपमधली प्रथिनं भागिले स्कूपचं वजन: ३० ग्रॅममध्ये २४ ग्रॅम म्हणजे ८० टक्के, उत्तम. मग घटकांची यादी वाचा. प्रथिनं बहुधा नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढतात. त्यामुळे नायट्रोजन असलेलं स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळलं, की आकडा फुगतो, पण स्नायूंना त्याचा उपयोग नसतो. ही नावं यादीत वेगळी दिसली, तर मी तो डबा परत ठेवते.