यूएसएसीएमची मेंबरशिप: पीएचडीवाल्यांनी बिनधास्त घ्या, बाकीच्यांनी जरा थांबा

हिंजवडीतली सीएईची (कॉम्प्युटरवर डिझाइन तपासायची) नोकरी सोडून इकडे अमेरिकेत पीएचडीला आलेलं कुणी ना कुणी दर वर्षी विचारतंच, की हे यूएसएसीएम काय प्रकरण आहे आणि मेंबर होऊन मिळतं काय. एकदाच सविस्तर लिहून टाकते.

यूएसएसीएम म्हणजे युनायटेड स्टेट्स असोसिएशन फॉर कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स, १९८८ पासूनची संघटना. वस्तूवर जोर आला की ती कशी वाकेल, तुटेल याची गणितं कॉम्प्युटरवर सोडवायचं हे शास्त्र. फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित), मेशफ्री (तुकड्यांच्या जाळीशिवाय), फ्रॅक्चर (तडे), फ्लुइड-स्ट्रक्चर (प्रवाह आणि वस्तू एकत्र), आता त्यात मशीन लर्निंगची भर, असं सगळं करणारी मंडळी इथे भेटतात. स्टुडंट फी रेग्युलरपेक्षा बरीच कमी आहे आणि इथे मेंबर झालात की आयएसीएम या जागतिक संघटनेचे पण मेंबर होता, वेगळं काही भरायला लागत नाही.

मुख्य आकर्षण अर्थातच यूएसएनसीसीएम, म्हणजे दर विषम वर्षी भरणारी नॅशनल काँग्रेस. पहिली १९९१ ला शिकागोत झाली, २०२५ ला परत शिकागोतच. मी २०२३ ला आल्बुकर्कीला गेले होते, जुलैचं रणरणतं ऊन आणि आत कन्व्हेन्शन सेंटरमध्ये शाल पांघरावी असा एसी. सँडिया ही अमेरिकन सरकारची मोठी संशोधन लॅब त्याच गावात असल्यामुळे तिथली बरीच माणसं भेटली, नोकरी शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कॉफीच्या रांगेत जेवढं बोलणं होतं तेवढं ईमेलवर सहा महिन्यांत होत नाही.

आता खरी मजा सांगते. पुण्यात एलएस-डायना या सॉफ्टवेअरमध्ये गाडीच्या टकरीचं सिम्युलेशन करणाऱ्या प्रत्येकाने सेक्शन शेलच्या कार्डात (इनपुट फाइलमधला पत्र्याच्या भागांचा तपशील) ईएलफॉर्म, म्हणजे कुठलं एलिमेंट वापरायचं तो आकडा, २ ठेवलेलं असतं, बहुतेकांनी तर ते डिफॉल्ट आहे म्हणून कधी बघितलेलंही नसतं. ते बेलिच्को-त्साय शेल, पातळ पत्र्यासाठीचं एलिमेंट. एकाच पॉइंटवर इंटिग्रेशन (हिशोब) म्हणून सुसाट पळतं, पण त्याच कारणाने अवरग्लास मोड (एलिमेंटचे खोटे, वेडेवाकडे आकार) येतात, मग अवरग्लास एनर्जी टोटलच्या किती टक्के झाली यावरून लीड आपल्याला झापतो. तर हे टेड बेलिच्को नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचे, २०१४ ला गेले, यूएसएसीएमचं एक मेडल त्यांच्या नावाने देतात. ईएलफॉर्म १ म्हणजे ह्यूज-ल्यू, त्यातल्या टॉम ह्यूज यांच्या नावाचं पण मेडल आहे, आणि २००५ चा तो आयसोजॉमेट्रिकचा (कॅडमधल्या वक्रांवरच थेट गणित करायची पद्धत) गाजलेला पेपर त्यांचाच, सोबत कॉट्रेल आणि बाझिलेव्स. वर्षानुवर्षं जी नावं आपण नुसता एक आकडा म्हणून टाइप केली त्यांचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी समोर उभे राहून फळ्यावर भांडत असतात, हे बघायला मला तरी पैसे वसूल वाटले.

कार्यक्रमाची रचना अशी, की कोणीही दोघं-चौघं मिळून मिनीसिम्पोझियम (एकाच विषयावरच्या टॉकचं सत्र) प्रपोज करतात, आपण आपला ॲबस्ट्रॅक्ट त्यातल्या एकात टाकायचा. एकाच वेळी ढीगभर खोल्यांत टॉक चालू असतात, फेज-फील्ड फ्रॅक्चर एका टोकाला आणि डेटा-ड्रिव्हन मॉडेलिंग दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आदल्या रात्री बसून वेळापत्रक आखलं नाही तर दिवसभर कॉरिडॉरमध्येच चालणं होतं. कुठल्याही एवढ्या मोठ्या काँग्रेसचं हेच, शेवटच्या दिवशी दुपारचा स्लॉट आला तर समोर पुढचा-मागचा स्पीकर आणि चेअर एवढेच असतात, मनाला लावून घेऊ नका. प्लेनरीबद्दल (सगळ्यांसाठी एकत्र असलेली भाषणं) फार लिहीत नाही, मोठी माणसं, मोठ्या स्लाइड्स.

माझं स्पष्ट मत, खरा माल छोट्या थीमॅटिक कॉन्फरन्समध्ये आहे. आयसोजॉमेट्रिकवाल्यांची २०२२ ला बॅन्फला झाली, २०२४ ला फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला. सगळे एकाच विषयातले, तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना एकमेकांचे चेहरे पाठ आणि जेवताना शेजारी बसलेला माणूस तुमच्या पेपरचा रिव्ह्यूअर असायची दाट शक्यता. शिवाय टेक्निकल थ्रस्ट एरिया म्हणून विषयवार गट आहेत, अनसर्टन्टी क्वांटिफिकेशन (उत्तर किती खात्रीचं ते मोजणं), मॅन्युफॅक्चरिंग, बायोलॉजिकल सिस्टिम्स वगैरे, यांच्यातले काही ऑनलाइन टॉक ठेवतात. बुजऱ्या माणसांनी तिथून सुरुवात करावी, कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं.

पैशाचं म्हणाल तर मेंबरशिप किरकोळ, काँग्रेसचं रजिस्ट्रेशन मात्र शेकडो डॉलरमध्ये जातं, वर हॉटेल आणि विमान. विद्यार्थ्यांसाठी ट्रॅव्हल अवॉर्ड असतात, त्याची तारीख ॲबस्ट्रॅक्टच्या तारखेबरोबरच कॅलेंडरमध्ये टाका आणि गाइडच्या मागे लागून पत्र आधीच घेऊन ठेवा. सम वर्षी जागतिक काँग्रेस असते, २०२४ ला व्हँकुव्हरला, २०२६ ला म्युनिकला, पण आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जीव टांगणीला, तेव्हा टॉक ॲक्सेप्ट झाल्याच्या दिवशीच फॉर्म भरायला घ्या.

पुण्यात बसून कंपनीत मेशिंग (मॉडेलची जाळी पाडणं) आणि पोस्ट-प्रोसेसिंग (निकाल मांडणं) करणाऱ्यांनी खिशातून खर्च करून हे घ्यावं का? मला नाही वाटत. मॉडेलचं क्लीनअप लवकर कसं करायचं किंवा सॉल्व्हर नवीन काय आला हे इथे कोणी सांगत नाही, त्याला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या युजर मीट बऱ्या. थिअरीची खाज असेलच तर भारतात इंडियन असोसिएशन फॉर कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स आहे आणि आयसीसीएमएस नावाची काँग्रेस आयआयटींमध्ये भरते, २०१९ ला मंडीला होती, तिथे जाऊन आधी चव बघा. पीएचडी-पोस्टडॉकवाल्यांसाठी माझे पाचपैकी चार स्टार, एक कापला तो त्या खोल्यांच्या धावपळीसाठी.

आणि हो, न्यू मेक्सिकोत कधी गेलात तर वेटर रेड की ग्रीन विचारतो ते मिरचीबद्दल, ख्रिसमस म्हणा, दोन्ही येतात. शाकाहारी असाल तर आत मटण-बिटण नाही ना एवढं विचारून घ्या, ग्रीनमध्ये बऱ्याचदा पोर्क असतं.