जर्मनीतला इंटिग्रेशन कोर्स : नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालत असलं तरी करावा असा

श्टुटगार्टला नव्याने आलेल्या मराठी मैत्रिणी मला नेहमी विचारतात, नवऱ्याच्या कंपनीत सगळं इंग्रजीत चालतं, मोबाइलवर ॲपने थोडं जर्मन होतंच आहे, मग सरकारी इंटिग्रेशन कोर्स कशाला? मी तो पूर्ण केलाय. माझं म्हणणं, करा, आणि आल्या आल्या करा.

परदेशातून येऊन इथे राहणाऱ्यांसाठीचा हा कोर्स २००५ च्या स्थलांतर कायद्याबरोबर सुरू झाला. न्यूर्नबर्गचं 'बाम्फ' हे स्थलांतर आणि निर्वासितांचं केंद्रीय कार्यालय अभ्यासक्रम आणि पैशांचं पाहतं. वर्ग चालवतात फोल्क्सहोखशूले (प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणसंस्था) किंवा खासगी भाषाशाळा. ४५ मिनिटांच्या ६०० तासिका भाषेच्या, त्यानंतर १०० राज्यव्यवस्था, इतिहास आणि समाज यांच्या. मी फी भरली तेव्हा तासिकेला २.२९ युरो पडत होते, म्हणजे एकूण सोळाशेच्या थोडे वर. एवढ्या शिकवणीला हे पैसे कमीच आहेत.

पुण्यात मी रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले होते. विभक्तींचे तक्ते पाठ होते, लिहिताना अडत नव्हतं. पण वर्गात माझ्या शेजारी बसणारी सीरियन मुलगी व्याकरणाची फारशी पर्वा न करता फोनवर डॉक्टरांची वेळ घ्यायची, आणि मी तेच वाक्य आधी मनात जुळवत असायचे. त्या वर्गाने माझी जीभ सोडवली. एक तुर्की मावशी, युक्रेनमधली गणिताची शिक्षिका, एरिट्रियाचा स्वयंपाकी, ब्राझीलची नर्स. आमच्यात दुसरी सामाईक भाषाच नव्हती. मधल्या सुट्टीत पोरांच्या शाळेबद्दल बोलायचं, घरभाडं किती ते विचारायचं, तर जर्मनमध्येच. मावशी इथे कित्येक वर्षं राहिलेल्या, घर-मुलं सांभाळण्यात शिकायचं राहून गेलेलं. कुठल्या कार्यालयात सकाळी लवकर गेलं की काम होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ॲपवर अशी मावशी भेटत नाही.

भाषेची परीक्षाही कामाची आहे. लेखी भागात पत्र लिहायचं असतं, म्हणजे हीटिंग बिघडल्याचं घरमालकाला कळवा किंवा मूल आजारी असल्याचं शाळेला. वर्गात गिरवलेलं घरमालकाचं पत्र मी पुढे खरोखर पाठवलं. तोंडी परीक्षा जोडीने होते आणि त्यात दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो. समोरच्याचं ऐकून घेऊन, त्याला उत्तर देऊन पुढे जावं लागतं. पाठांतर तिथे चालत नाही.

शेवटच्या १०० तासिका अनेकजण उरकून टाकतात. ३१० प्रश्न आधीच जाहीर आहेत, या भागाच्या परीक्षेत त्यातले ३३ येतात, १५ बरोबर आले की पास. नागरिकत्वासाठी १७ लागतात. चार दिवस रट्टा मारूनही ते जमेल. पण आमच्या बाईंनी पहिल्याच प्रश्नावर अख्खी सकाळ घालवली. जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात ते का? उत्तर सोपं आहे, इथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. मग बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कसं आहे? सीरियन मुलगी म्हणाली, आम्ही घरातसुद्धा आवाज खाली ठेवायचो. मी आपल्याकडची आणीबाणी सांगितली, येत होतं तेवढ्या जर्मनमध्ये. नंतर बाई आम्हाला जवळच्या गल्लीत घेऊन गेल्या आणि फुटपाथमध्ये बसवलेले पितळी श्टोल्परश्टाइन, म्हणजे स्मृतिदगड, दाखवले. नाझींनी ज्यांना नेलं, मारलं, त्यांची नावं त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर. त्या रस्त्याने मी रोज जायचे. आता थांबून वाचते.

उणिवाही आहेत. एकाच वर्गात पदवीधर आणि शाळा अर्धवट सुटलेले एकत्र बसतात, त्यामुळे कुणाला कंटाळा येतो, कुणाची फरफट होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळा, जास्त तासिकांचा कोर्स आहे, पण आमच्या वर्गात ज्यांना त्याची खरी गरज होती ते सगळे तिथे पोचले नव्हते, आणि त्यांचे हाल पाहून वाईट वाटायचं. शिक्षकांपैकी पुष्कळजण तासिकेच्या मानधनावर असतात. आमच्या एक चांगल्या बाई कायमची नोकरी मिळताच अर्ध्यातून गेल्या. मला त्यांचा राग नाही, पण इतकं महत्त्वाचं काम करणाऱ्यांना पक्की नोकरी मिळायला हवी. आणि रेकॉर्डिंगवरची माणसं रेडिओवरच्यासारखी स्वच्छ बोलतात, इथल्या बेकरीत मात्र श्वेबिश ही इथली बोली कानावर येते. त्याची तयारी कोर्स करून घेत नाही.

मी पाचपैकी चार गुण देईन. नोकरी हवी असेल तर कोर्सअखेरची बी-वन ही भाषेची मधली पातळी पुरत नाही, हे आधीच धरून चाला. बाम्फचेच नोकरीसाठीचे पुढचे भाषावर्ग असतात, त्यांची चौकशी परीक्षेआधीच करून ठेवा. मूल लहान असेल तर आधी किटामध्ये (पाळणाघर-बालवाडीत) जागा मिळवा, मग वर्गाची वेळ ठरवा. प्रवेशाच्या चाचणीत येतं तेवढंच लिहा, म्हणजे योग्य पातळीवर बसवतील. आणि ओळखीच्या मराठी मैत्रिणीबरोबर एकाच वर्गात नाव घालू नका. तिला संध्याकाळी भेटा.